झिंगे आणि निळा बैल

आमच्या घरात कितीतरी वर्षं झिंगे शिजले नव्हते. पवनीसारख्या नदीकाठच्या गावात, जिथे बाजाराच्या दिवशी वाळल्या झिंग्यांच्या टोपल्यांची एक ओळच बसते, तिथे हे नवलच म्हणायचं. मला ते आवडत. माझी बायको एकोडीची. तिच्या माहेरी धानाच्या बांध्यांना लागून स्वतःची बोडी होती आणि त्या तळ्यातले झिंगे परकराच्या ओच्यात घालून ती लहानपणी घरी आणत असे. वांग्यात घातलेले झिंगे हा तिच्या हातचा पहिला पदार्थ, जो मी लग्नानंतर मागून खाल्ला. पण आमची मुलगी लहान असताना तिला त्या वासाने मळमळलं, आणि तेव्हापासून झिंगे बंद झाले. कुणी तसं ठरवलं नव्हतं. एकुलती एक मुलगी होती, तिच्या नाकाला चालेल तेच आमचं जेवण झालं. पुढे ती नागपूरला शिकायला गेली, लग्न होऊन पुण्याला गेली, तरी आमची सवय काही मोडली नाही.

मागच्या दिवाळीच्या थोडं आधी ती गेली. आजार मोठा होता आणि त्याने फार वेळ दिला नाही. त्याबद्दल मी एवढंच लिहीन. लिहायला बसलो की हात आपोआप त्या बाजूला वळतो. पण हे लेखन तिच्याबद्दल नाही, तिच्या मुलीबद्दल आहे. या दोघींना वेगळं ओळखायला आम्हाला जवळजवळ वर्ष लागलं.

नात तेव्हा पहिलीत होती. जावई पुण्याला एका कारखान्यात पाळीवर काम करतात. मूळचे सिहोऱ्याकडचे, त्यांचे आईवडील आधीच वारलेले. तेरवी झाल्यावर ते ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसले आणि खाली पाहत म्हणाले, "मामाजी, सध्या तिले तुमच्याजवळ राहू द्या. मले काही सुचून नाही राहिलं."

मी होकार दिला, आणि खरं सांगायचं तर तो मोठ्या विश्वासाने दिला. उभा जन्म मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काढला. निवृत्त झालो तरी प्रकृती धड होती. बायकोचे गुडघे दुखत, पण तिच्या तोंडाचा दरारा शाबूत होता. एक मूल आम्ही वाढवलं होतं, आणि चांगलं वाढवलं होतं. तेच पुन्हा करायचं.

आणि आम्ही अगदी तेच पुन्हा केलं. शाळेत जाताना दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी. डब्यात राजगिऱ्याचा लाडू. संध्याकाळी दिवा लागला की माझ्याजवळ बसून वाचन. त्यासाठी मुलीच्या वेळचे मुलांच्या मासिकांचे बांधीव अंक मी कपाटातून काढले. माझी मुलगी ज्या पानांवर हसायची, त्या पानांवर मी थांबायचो आणि नातीकडे पाहायचो. ती हसायची. बायको तिला हाक मारताना मुलीचं घरातलं लाडकं नाव घ्यायची. सुरुवातीला चुकून, नंतर चुकून नाही. नातीने एकदाही हाक चुकली असं म्हटलं नाही. ती ओ द्यायची.

शाळेच्या बाई म्हणायच्या, किती शांत मूल आहे. आम्हाला ते कौतुक वाटायचं.

मे महिन्यात जावई आले. कूलरसमोर बसून ते चार दिवस लेकीकडे नुसते पाहत होते. पाचव्या दिवशी संध्याकाळी, ओट्यावर पाणी मारून आम्ही बसलो होतो तेव्हा ते बोलले.

"मामाजी, राग नका मानू. हे लेकरू इथं तिची आई होऊन राहिलं."

मला कळलं नाही. नात आईसारखी दिसते असं ते म्हणत असावेत, असं वाटून मी मान हलवली.

"तसं नाही. तिले काय खाते म्हणून विचारलं, तर ती मामींच्या तोंडाकडे पाहते. सिनेमाले जायचं का म्हटलं, तर तुमच्याकडे पाहते. तुमच्या मायेत कमी नाही काही. पण बायको तर गेली. आता मले माझी पोरगी पाहिजे." मग ते म्हणाले, "पोळ्याले येतो. तेव्हा तिले घेऊन जाईन म्हणतो."

"आणि तुमची रात्रपाळी?"

"बाई ठेवीन एखादी. पाहू."

त्या माणसाच्या आवाजात भांडण नव्हतं. बायकोला सांगितलं तेव्हा ती दळण निवडत होती.

"घेऊन जाऊन राहिले म्हणजे? पोट्टी काय गाठोडं आहे?"

"बाप आहे तो तिचा."

"मंग? बापाले वेणी घालता येते का?" असं म्हणून तिने दुसऱ्या दिवशी नातीच्या वेण्या आणखी घट्ट घातल्या.

आमच्यासमोरचं घर निळं आहे. तिथे एक आजी राहतात. त्यांचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं, तेव्हा त्या मुलासोबत आमच्या गल्लीत आल्या. आता मुलगा आणि सून हैदराबादला इमारतींच्या कामावर असतात, आणि आमच्या नातीपेक्षा दोनेक वर्षांनी मोठी असलेली त्यांची नात या आजींजवळ राहते. त्यांच्या दारावर बुद्धाची तसबीर आहे आणि आमच्या दारावर गणपतीची. मधल्या रस्त्यावरून आमचं बोलणं होई. पण ते पाणी आलं का, लाईट गेली का, एवढंच. मुलगी गेल्यानंतर मात्र त्या मोबाईल घेऊन माझ्याकडे येऊ लागल्या. "सर, शाळेवाले काय म्हणून राहिले, पहा बरं." मी शाळेचा निरोप वाचून दाखवायचो. त्या जाताना म्हणायच्या, "तुमच्या पोट्टीले खेळाले पाठवा. दोघीही एकट्याच तर आहेत."

जून संपता संपता शाळा उघडली. एका दुपारी आभाळ भरून आलं म्हणून मी छत्री घेऊन, खेळायला गेलेल्या नातीला आणायला निळ्या घरात गेलो. दोघी मुली स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसल्या होत्या. मध्ये सूप, सुपात वाळले झिंगे. दोघी त्यांची डोकी आणि शेपट्या मोडून टाकत होत्या. आमची नात ते काम इतक्या सराईतपणे करत होती की हा तिचा पहिला दिवस नाही, हे सांगायची गरज नव्हती. बाजूला तिची ताटली होती, चाटूनपुसून साफ केलेली.

मला पाहून तिने हात पाठीमागे नेले.

"आबाजी, आजीला सांगू नका."

निळ्या घरातल्या आजी चुलीजवळून उठून आल्या. "सर, मी तिले बोलावत नाही, बरं. वास गेला का तीच येते. मी म्हटलं, घरी माग ना. तर म्हणते, आमच्या घरी नाही चालत, आईले मळमळते."

बाहेर पाऊस सुरू झाला होता. त्यांनी माझ्याकडे पाट सरकवला. मी बसलो.

"राग आला तरी चालन, पण आयका," त्या म्हणाल्या. "आमचं गाव गेलं तेव्हा मी इथं सारं तसंच मांडलं. चूल त्याच कोपऱ्यात, दार त्याच तोंडाचं. मले वाटे, असं केलं तर गाव येईन मागं. मंग ही पोट्टी म्हणते, आजी, या भिंतीत खिडकी पाहिजे, इकडून शाळा दिसते. लय दिवस आयकलं नाही मी तिचं. मंग फोडली भिंत."

"बरं झालं ना मग," मी म्हटलं.

"काय बरं झालं? आता ही त्या खिडकीत बसून मलेच पाहते, आजी कवा झोपते म्हणून. झोपली का मोबाईल घेते."

त्यांची नात खुदकन हसली. आणि आमचीही. ते हसू मी ओळखलं नाही. ते माझ्या मुलीचं नव्हतं. हसताना ती डावा डोळा थोडा बारीक करत होती, जसे तिचे वडील करतात, आणि इतके महिने घरात राहून हे मला आजवर दिसलं नव्हतं.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं.

"त्यांच्या घरी जेवते?"

"हो."

"कवापासून?"

"बऱ्याच दिवसांपासून असावं."

तिला नेमकं काय लागलं होतं, हे मी विचारलं नाही. दुसऱ्याच्या चुलीवरचं खाल्लं हे, की आपल्याला सांगितलं नाही हे. कदाचित तिलाही ते निवडून सांगता आलं नसतं. रात्री आडवी झाल्यावर ती छताकडे पाहत म्हणाली, "जावई बरोबर बोलले." आणि थोड्या वेळाने, "पण घेऊन नाही जाऊ द्यायची मी."

पुढच्या बाजाराला तिने मला पिशवी दिली. "पावभर झिंगे आणा. लाल पडलेले, जुने नका आणू. तुम्हाले ओळखू येत नाही, कुणाले तरी विचारा." वांगी तिने आधीच चिरून पाण्यात टाकली होती. फोडणी घालण्यापूर्वी ती उठली, आतल्या खोलीत जिथे मुलीचा फोटो लावला आहे तिथे गेली, आणि खोलीचं दार लोटून आली. मग तेल तापवलं.

आम्ही तिघं जेवायला बसलो. नातीने ताटाकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं आणि मग आजीकडे न पाहता खायला लागली. दुसऱ्यांदा वाढायला सांगितलं, तेव्हा बायको म्हणाली, "घे. बापाचंच नाक आहे तुझं." या घरात जेवताना जावयांचा उल्लेख त्या दिवशी पहिल्यांदा झाला. नातीने विचारलं, "बाबांना पण आवडतात?" आणि मग ती बाबांबद्दल बोलत राहिली. पुण्याच्या घरात बाबा चहा कसा सांडतात, मोटारसायकलवर गाणं कसं म्हणतात. आम्हाला त्यातलं काहीही माहीत नव्हतं.

त्यानंतरचे बदल सोपे नव्हते, पण ते आम्हाला जमले. लाडकं नाव बायकोने बंद केलं. जिभेवर आलं की ती थांबायची आणि नातीचं स्वतःचं नाव घ्यायची. वेण्या गेल्या. नातीला खांद्यापर्यंत केस हवे होते. कापून आल्यावर तिने दिवसभर मान हलवून पाहिली. मी बांधीव अंक कपाटात ठेवले आणि तिला विचारलं, तुला काय वाचायचं आहे? ती विचारात पडली. मग म्हणाली, "मला वाचायचं नाही. धरणाचं दार कसं उघडतं ते पाहायचं आहे." तेव्हा आम्ही एका रविवारी बसने गोसीखुर्दला गेलो, निळ्या घरातल्या आजी आणि त्यांची नातही आमच्यासोबत. मुली दरवाजे आणि फेसाळणारं पाणी पाहत होत्या. आजी दुसऱ्या बाजूला, जिथे पाणी स्थिर होतं, तिकडे पाहत उभ्या होत्या. मी त्यांच्याशेजारी जाऊन उभा राहिलो. त्यांनी हात लांब करून दाखवलं, "तिकडं. चिंच होती." परतीच्या प्रवासात माझी नात बसच्या काचेवर बोटाने दरवाज्यांची चित्रं काढत आली.

आणखी एक गोष्ट सुरू झाली, आणि तिची मला आजही सगळ्यात जास्त खात्री वाटते. आमच्या पुढच्या खोलीत माझ्या वडिलांचा हातमाग होता. तो कधीच बंद पडला. मागाचा खड्डा फळ्या टाकून बुजवलेला आहे. ती खोली रिकामीच असे. एक दिवस निळ्या घरातल्या आजींना डोळे तपासायला भंडाऱ्याला जायचं होतं, त्यांनी नातीला आमच्याकडे सोडलं. दोन मुली मागाच्या खोलीत अभ्यासाला बसलेल्या पाहून कोपऱ्यावरचे एक आजोबा आपल्या नातवाला घेऊन आले. त्याचे आईवडील पुण्याला. मग आणखी एक आजी. आमच्या एका गल्लीत इतकी मुलं आजी-आजोबांच्या हाती वाढत होती, हे मला तोवर ठाऊक नव्हतं, कारण प्रत्येक जण दार लावून एकटाच झगडत होता. आता शाळा सुटली की मुलं मागाच्या खोलीत येतात. निरोप मी वाचतो. ताप आला तर काय करायचं हे माझ्या बायकोला विचारतात, आणि ती न विचारताही सांगते. कोपऱ्यावरच्या आजोबांना स्कूटर चालवता येते. दवाखाना, शाळेची सभा, सगळं त्यांच्याकडे. निळ्या घरातल्या आजी खायला करतात आणि मोबाईल जप्त करतात. एकट्या म्हाताऱ्याच्या हातून होणार नाही ते चौघांच्या हातून सहज होतं, आणि सत्तरीतली माणसंही मूल नीट वाढवू शकतात, हे मी आता कुणालाही ठामपणे सांगू शकतो.

श्रावण लागला. पोळा जवळ आला. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुलं लाकडी बैल सजवून, दोरीने ओढत घरोघर नेतात आणि मोठी माणसं त्यांना बोजारा म्हणून काही पैसे, काही खाऊ देतात. माझ्या मुलीचा बैल माळ्यावर होता, शिसवी रंगाचा, शिंगांना पितळी टोपणं. मी तो पुसून नातीसमोर ठेवला.

तिने तो हातात घेतला, चाकं फिरवून पाहिली आणि परत माझ्या हातात दिला. "हा आईचा आहे. हा ठेवा. मला माझा पाहिजे."

तीन महिन्यांपूर्वी हे तिने म्हटलं नसतं. मी बैल माझ्या पुस्तकांच्या फळीवर ठेवला आणि आम्ही बाजारातून एक कोरा, रंग न दिलेला बैल आणला. निळ्या घराची भिंत रंगवून उरलेला रंग आजींकडे होता. दोघी मुलींनी तो बैलाला दिला.

बायकोने कपाळाला हात लावला. "निळा बैल कुठं असते का?"

"आमच्याकडं असते," मुलींना रंग लावू लागणाऱ्या समोरच्या आजी म्हणाल्या.

"पण वर्ष झालं नाही अजून," बायको हळू आवाजात म्हणाली. "यंदा आमच्या घरून बैल नाही निघत."

आजींनी ओल्या रंगाचे हात पदराला पुसले. "मंग माझ्या दारातून निघन. आमच्यात नाही ते वर्षाचं. बैल माझ्या रंगाचाच तर आहे."

पोळ्याच्या संध्याकाळी जावई आले. मी त्यांच्या बॅगेकडे पाहिलं. त्यांच्या हातात आणखी एक पिशवी होती, नवी, लाल, मुलीची. ती कशासाठी आहे हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. नात धावत जाऊन त्यांना चिकटली. त्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि खांद्यापाशी हात थांबवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी निळ्या घराच्या दारातून दोन बैल निघाले. पुढे निळा. नात दोरी ओढत होती आणि चाक अडलं की मोठमोठ्याने बैलाला रागावत होती. जावई तिच्या मागे चालत होते. मी ओट्यावरून पाहत होतो. एका घरी तिला बोजारा कमी मिळाला तर ती म्हणाली, "काका, बैल मोठा आहे आमचा, चारा लागते." सगळे हसले. जावई सगळ्यात जास्त हसले, डावा डोळा बारीक करून.

श्रावण संपला होता, म्हणून बायकोने वांगे-झिंगे केले होते. ती फोडणी घालायला बसली तेव्हा मी आतल्या खोलीकडे पाहिलं. दार उघडंच होतं. ताटं वाढल्यावर जावई ताटाकडे पाहत राहिले.

"मामी, तुमच्या घरी झिंगे?"

"काहून, आम्ही माणसं नाही का?" बायको म्हणाली.

नात त्यांच्या शेजारी बसली होती. आपले संपल्यावर तिने न विचारता वडिलांच्या ताटातले झिंगे उचलले. त्यांनी तिचा हात धरला. "ये, माह्या ताटातले नको घेऊ."

"तुम्ही हळू खाता. मी काय करू?"

जावयांनी हात सोडला. मग ते जेवत राहिले, मान खाली घालून, आणि आम्हीही त्यांच्याकडे पाहिलं नाही. जेवण झाल्यावर त्यांनी मागाच्या खोलीत जाऊन पाहिलं. तिथे भिंतीवर मुलांनी चिकटवलेली चित्रं आहेत, त्यात धरणाचे दरवाजे बरेच आहेत. तेवढ्यात आलेल्या कोपऱ्यावरच्या आजोबांना त्यांनी, रात्री लेकरू आजारी पडलं तर कोण धावतं, असं विचारलं. आजोबांनी खिशातून स्कूटरची किल्ली काढून दाखवली.

मग ओट्यावर येऊन ते मे महिन्यात बसले होते तिथेच बसले. बायको दाराच्या आत उभी होती. ती ऐकते आहे हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

"मामाजी," ते म्हणाले, "दिवाळीले आठ दिवस पाठवाल का तिले पुण्याले? मी सुट्टी काढतो. मंग आणून सोडतो."

मी उत्तर देण्याआधीच दारातून आवाज आला. "आठ काहून? शाळेले सुट्टी आहे, पंधरा दिवस न्या. सोबत वाळले झिंगे बांधून देते, तिकडं बरे नाही भेटत."

"बांधून द्या," जावई म्हणाले. "अन् ते त्या लाल पिशवीत भरा, पिशवी इथंच ठेवून जातो. तिच्यासाठीच आणली आहे."

आत नात बैलाला खुर्चीच्या पायाला बांधत होती. दोरी आखूड पडत होती. मी उठून कपाटातून सुतळी काढली आणि तिला द्यायला आत गेलो.